रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आणि प्रोजेक्ट दुसऱ्या संगणकावर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा संगणक आला की आपण लगेच त्याच्यासमोर जाऊन बसतो. पण या कामातला मोठा भाग जुन्या संगणकावर करायचा असतो, आणि तोही जुना संगणक धडधाकट चालू असताना. गाणं अर्धवट असेल, गायकाचा चांगला टेक पुन्हा मिळणार नसेल, तर ही घाई फार महागात पडते. म्हणून सुरुवातीचे प्रश्न जुन्या संगणकाबद्दलचे आहेत, नंतरचे नव्याबद्दलचे.

सॉफ्टवेअरचं फोल्डर उचलून नव्या संगणकावर टाकलं तर चालेल का?

बहुतेक वेळा नाही. इन्स्टॉल होताना सॉफ्टवेअर एका फोल्डरात मावत नाही. विंडोजवर रजिस्ट्रीत नोंदी होतात, ड्रायव्हर बसतात, प्लगिन (सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट आणि वाद्यं) वेगळीकडे जातात, सेटिंग आणखी तिसरीकडे. लायसन्स तर अनेकदा त्या विशिष्ट संगणकाच्या हार्डवेअरशीच बांधलेलं असतं. त्यामुळे कंपनीच्या खात्यात लॉगिन करून इन्स्टॉलर नव्याने उतरवून घ्यावा.

रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एक चांगला अपवाद. त्याचा इन्स्टॉलर 'पोर्टेबल' पद्धतीने बसवण्याची सोय देतो. मग सेटिंगसकट सगळं एका फोल्डरात राहतं आणि ते फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवरूनही चालतं. मॅकवर मायग्रेशन असिस्टंट सॉफ्टवेअर आणि प्लगिन दोन्ही ओढून आणतो, पण संगणक बदलल्यामुळे लायसन्स पुन्हा मागितलं जातं. शिवाय वर्षानुवर्षं साचलेला कचराही सोबत येतो. वेळ असेल तर कोरं इन्स्टॉलेशन करावं, असं माझं मत आहे.

मग नक्की काय काय न्यायचं असतं?

प्रोजेक्ट आणि त्यांतल्या ऑडिओ फाइली तर आल्याच. त्याखेरीज सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा साठा), तुम्ही स्वतः बनवलेले प्रीसेट, टेम्प्लेट, शॉर्टकट, आणि प्रत्येक प्लगिनचं नाव, आवृत्ती व लायसन्स कुठल्या खात्यात आहे त्याची नोंद.

ही शेवटची नोंद सगळे टाळतात, आणि नंतर नेमकी तीच हवी असते. जुन्या संगणकावर प्लगिन मॅनेजर उघडा आणि संपूर्ण यादीचे स्क्रीनशॉट घ्या. ऑडिओ सेटिंगच्या खिडकीचा, इनपुट-आउटपुटच्या जोडणीचा आणि परवान्यांच्या पानाचाही घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. नव्या संगणकावर एखादा प्लगिन दिसला नाही की तो मुळात होता की नव्हता, हा वाद या चित्रांवरून मिटतो.

एकच लायसन्स दोन संगणकांवर चालतं का?

हे कंपनीगणिक बदलतं. एबलटन लाइव्ह दोन संगणकांवर अधिकृत करता येतं. क्यूबेसचं लायसन्स 2022 मध्ये आलेल्या स्टाइनबर्ग लायसन्सिंग पद्धतीत तीन संगणकांवर सुरू करता येतं. क्यूबेस प्रोच्या त्याआधीच्या आवृत्त्यांना यूएसबी डोंगल (लायसन्स साठवणारं छोटं यूएसबी उपकरण) लागायचा. रीपरचं लायसन्स तुमच्या कितीही संगणकांवर टाका, फक्त एका वेळी एकाच ठिकाणी वापरा. लॉजिक प्रो ॲप स्टोअरवरून घेतलेलं असेल, तर त्याच ॲपल खात्याने दुसऱ्या मॅकवर उतरवता येतं.

आयलॉक (अनेक कंपन्यांच्या प्लगिनची लायसन्स सांभाळणारी सेवा) वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आयलॉकचं लायसन्स तीन जागी असू शकतं: यूएसबी डोंगलवर, थेट संगणकावर किंवा क्लाउडवर. डोंगलवर असेल तर चिंता नाही, डोंगल काढून दुसरीकडे लावला की झालं. क्लाउडवर असेल तर काम करताना इंटरनेट सतत लागतं आणि एका वेळी एकाच संगणकावर सत्र चालतं. संगणकावरच असेल तर मात्र जुना संगणक पुसण्याआधी आयलॉक लायसन्स मॅनेजर उघडून ते तिथून काढून घेणं भाग आहे. तसं न करता डिस्क फॉर्मॅट केली, तर ते लायसन्स कागदोपत्री त्या संगणकावरच राहतं आणि सोडवून घ्यायला कंपनीला लिहावं लागतं. प्रत्येक प्लगिनला तिन्ही जागा उपलब्ध असतातच असं नाही. लायसन्स मॅनेजरमध्ये ते दिसतं.

वेव्ह्ज या प्लगिन कंपनीचं लायसन्स साध्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतं, किंवा वेव्ह्ज सेंट्रलमधून आधी क्लाउडवर परत पाठवून नव्या संगणकावर उतरवता येतं. छोट्या कंपन्यांचे प्लगिन अनेकदा फक्त एका सीरियल नंबरवर किंवा की-फाइलवर चालतात. असे नंबर जुन्या ईमेलमध्ये गाडलेले असतात. तो शोध संगणक बदलायच्या आधीच घ्या.

प्रोजेक्टची फाइल कॉपी केली. नव्या संगणकावर उघडली तर ट्रॅक दिसतात पण आवाज नाही. असं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

प्रोजेक्टच्या फाइलमध्ये सहसा आवाज नसतोच. क्यूबेसची सीपीआर, लाइव्हची एएलएस, प्रो टूल्सची पीटीएक्स, रीपरची आरपीपी, या सगळ्यांत असते ती मांडणी: कुठला तुकडा कुठल्या सेकंदाला सुरू होतो, फेडर कुठे आहे, कुठला प्लगिन कसा लावला आहे. आणि तो तुकडा डिस्कवर कुठे सापडेल त्याचा मार्ग. म्हणून चार मिनिटांच्या गाण्याची प्रोजेक्ट फाइल एखाद-दोन एमबीची असू शकते. रीपरची फाइल तर साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडून पाहा, प्रत्येक ऑडिओ फाइलचा मार्ग डोळ्यांना दिसेल.

आता समजा, तुम्ही डेस्कटॉपवरून एक ड्रम लूप ओढून टाइमलाइनवर टाकला, डाउनलोड फोल्डरातून एक इफेक्ट घेतला आणि मागच्या गाण्यातून एक कोरस उचलला. सॉफ्टवेअर या फाइली आपोआप प्रोजेक्टच्या फोल्डरात आणेलच असं नाही. ते सेटिंगवर अवलंबून असतं. अनेक वेळा फक्त मार्ग टिपून ठेवला जातो. मग प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर कॉपी केलं तरी तो लूप, तो इफेक्ट आणि तो कोरस जुन्या संगणकावरच राहतात.

म्हणून कॉपी करण्याआधी जुन्या संगणकावर प्रोजेक्ट उघडायचा, बाहेर विखुरलेल्या सगळ्या फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरात गोळा करायच्या, आणि मगच ते फोल्डर उचलायचं.

हे 'गोळा करणं' कुठल्या मेन्यूत सापडतं?

लाइव्हमध्ये फाइल मेन्यूत 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' आहे. बिटविगमध्ये 'कलेक्ट अँड सेव्ह'. क्यूबेसमध्ये 'बॅक अप प्रोजेक्ट'. तिथे वापरात नसलेल्या फाइली वगळण्याचा पर्याय येतो. तो निवडू नका, कारण आज नको असलेला टेक उद्या हवासा वाटतो. स्टुडिओ वनमध्ये साँग मेन्यूत 'कॉपी एक्स्टर्नल फाइल्स'. प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन', आणि त्या खिडकीत ऑडिओ फाइल्सच्या चौकटीवर खूण करायला विसरायचं नाही. रीपरमध्ये 'सेव्ह प्रोजेक्ट ॲज' करताना खाली सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरात कॉपी करण्याची चौकट असते. एफएल स्टुडिओमध्ये एक्स्पोर्टखाली 'झिप्ड लूप पॅकेज'. लॉजिकमध्ये प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधलं 'कन्सॉलिडेट'.

ऑडॅसिटीचं गणित वेगळं आहे. 2021 मध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून आवाजासकट सगळं एकाच एयूपी3 फाइलमध्ये राहतं. त्याआधीच्या प्रोजेक्टमध्ये एक छोटी एयूपी फाइल आणि शेजारी 'डेटा' नावाने संपणारं फोल्डर असायचं. दोन्ही सोबत न्यावी लागतात. कुठलीही आवृत्ती असो, ऑडॅसिटी पूर्ण बंद करूनच कॉपी करा.

गोळा करण्यातून काय सुटतं?

प्लगिन स्वतः बाहेरून वाचतात त्या फाइली. कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (खऱ्या जागेसारखी घुमण देणाऱ्या इफेक्टमध्ये) तुम्ही भरलेले इम्पल्स रिस्पॉन्स (त्या घुमणीच्या नमुना फाइली), गिटार ॲम्पच्या प्लगिनमध्ये घातलेली कॅबिनेट किंवा ॲम्प कॅप्चर, सॅम्पलर प्लगिनमधले तुमचे स्वतःचे आवाज. या फाइलींची खबर रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला नसते, म्हणून ते त्या गोळा करू शकत नाही. प्लगिन नव्या संगणकावर उघडतो, नावही बरोबर दाखवतो, पण रिव्हर्ब कोरडा किंवा गिटार करकरीत वाजते. हा दोष लवकर लक्षात येत नाही. असं वापरलेलं सगळं एका ठरावीक फोल्डरात ठेवा आणि ते फोल्डर वेगळं कॉपी करा.

व्हिडिओसाठी संगीत करत असाल तर व्हिडिओ फाइलही तपासा. ती अनेकदा मागे राहते.

कॉपी नीट झाली आहे हे कसं ओळखायचं?

नव्या संगणकावर प्रोजेक्ट उघडला आणि वाजला, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. विशेषतः जुनी बाहेरची ड्राइव्ह त्या वेळी जोडलेली असेल तर नाहीच. सॉफ्टवेअर गुपचूप त्या ड्राइव्हवरच्या मूळ फाइली शोधून वाजवत राहतं. सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि ड्राइव्ह काढली की ट्रॅक रिकामे. त्यामुळे परीक्षा घेताना जुनी ड्राइव्ह काढून ठेवा, नेटवर्कवरचं सामायिक फोल्डरही तोडा, मग प्रोजेक्ट उघडा.

दुसरी परीक्षा जुन्या संगणकावरच घेता येते. गोळा केलेली प्रत तयार झाली की मूळ फोल्डराचं नाव तात्पुरतं बदला आणि प्रत उघडा. ती कुठल्याही तक्रारीविना उघडली, तर ती स्वयंपूर्ण आहे.

तिसरी परीक्षा कानांची. जुन्या संगणकावर पूर्ण गाण्याची वेव्ह फाइल काढून ठेवा. नव्यावर तीच सेटिंग ठेवून पुन्हा काढा. दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये वरखाली ठेवून एकीचा फेज उलटा करा, म्हणजे सारखे आवाज एकमेकांना खोडतात. हुबेहूब असतील तर शांतता मिळेल. काही उरलं तर ते ज्या जागी ऐकू येतं तिथे फरक आहे. कोरस, काही रिव्हर्ब, ॲनालॉगची नक्कल करणारे प्लगिन दर वेळी थोडे वेगळे वाजतात, त्यांचा हलका अवशेष राहणारच. पण अख्खा बेस किंवा अख्खा आवाज शिल्लक राहिला तर शोध घ्यायला हवा. ही संदर्भाची वेव्ह फाइल प्रत्येक प्रोजेक्टसोबत कायमची ठेवा. पुढे एखादा प्लगिन कायमचा बंद पडला तरी मिक्स कसं होतं ते तिच्यावरून कळतं.

प्लगिन इन्स्टॉल केले आहेत, तरी प्रोजेक्ट 'प्लगिन सापडत नाही' म्हणतो.

तीन शक्यता तपासा. एक, प्लगिनचा प्रकार वेगळा आहे. जुन्या प्रोजेक्टमध्ये व्हीएसटी2 होता आणि नव्या संगणकावर फक्त व्हीएसटी3 बसवला आहे. आपल्यासाठी तो एकच प्लगिन, सॉफ्टवेअरसाठी बहुतेकदा दोन वेगळे. काही सॉफ्टवेअर आणि काही प्लगिन ही अदलाबदल आपोआप करतात, सगळे नाही. स्टाइनबर्गने व्हीएसटी2 चं विकासकिट (प्लगिन बनवणाऱ्यांसाठीची साधनं) 2018 मध्ये देणं थांबवलं, त्यामुळे नव्या इन्स्टॉलरमध्ये तो प्रकार अनेकदा नसतोच. जुना संगणक सुरू असतानाच तिथे व्हीएसटी3 लावा, सेटिंग प्रीसेट म्हणून जतन करून त्यात उघडा आणि प्रोजेक्ट पुन्हा सेव्ह करा.

दोन, प्लगिन 32 बिटचा आहे. मॅकने 2019 मधल्या कॅटालिनापासून 32 बिटचं काहीही चालवणं बंद केलं. विंडोजवरही आजची बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर फक्त 64 बिट प्लगिन घेतात.

तीन, फोल्डर चुकलं आहे. व्हीएसटी3 साठी विंडोजवर प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सखाली एक ठरलेली जागा असते, म्हणून तिथे गोंधळ कमी. व्हीएसटी2 कुठेही बसवता येतो आणि तिथेच गडबड होते. जुन्या स्क्रीनशॉटमधला मार्ग पाहा, तोच नव्या सेटिंगमध्ये घाला, पुन्हा स्कॅन करा.

प्लगिन सापडत नसताना प्रोजेक्ट लगेच सेव्ह करू नका. बहुतेक सॉफ्टवेअर हरवलेल्या प्लगिनची सेटिंग जपून ठेवतात, पण त्या भरवशावर एकमेव प्रत पणाला लावू नये. वेगळ्या नावाने सेव्ह करा.

एक प्लगिन नव्या संगणकावर मिळणारच नाही. काय करू?

त्याचा आवाज ऑडिओमध्ये उतरवून घ्या. जुन्या संगणकावर तो ट्रॅक बाउन्स करा, म्हणजे त्याची ऑडिओ फाइल काढा, मूळ मिडी ट्रॅक (नुसत्या सुरांच्या नोंदींचा) बंद करून तसाच जपा, आणि प्लगिनच्या खिडकीचा स्क्रीनशॉट काढा. फ्रीझ करूनही (ट्रॅक तात्पुरता ऑडिओत गोठवूनही) काम भागतं, पण फ्रीझची फाइल सॉफ्टवेअरच्या मर्जीवर असते. वेगळा ऑडिओ ट्रॅक जास्त भरवशाचा. बाउन्स करताना रिव्हर्बची शेपटी कापली जाणार नाही एवढी जागा शेवटी ठेवा.

मी तर म्हणेन, महत्त्वाच्या गाण्याच्या बाबतीत प्लगिन मिळणार असला तरी प्रत्येक सॉफ्टवेअर वाद्याचा असा एक ऑडिओ उतरवून ठेवाच.

मोठ्या सॅम्पल लायब्ररी पुन्हा डाउनलोड कराव्या लागतील का?

सहसा नाही. फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा, नव्या संगणकावर ठेवा आणि कंपनीच्या ॲपला नवी जागा दाखवा. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या नेटिव्ह ॲक्सेस ॲपमध्ये आधीपासून असलेली लायब्ररी शोधून दाखवण्याची सोय आहे. त्यांच्याच काँटॅक्ट या सॅम्पलर प्लगिनमध्ये सॅम्पल हरवल्याची खिडकी आली तर फोल्डर दाखवून द्या आणि नंतर लायब्ररीवर 'बॅच रीसेव्ह' चालवा, म्हणजे दर वेळी शोधाशोध होणार नाही.

लायब्ररी बाहेरच्या ड्राइव्हवरच राहणार असेल तर विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर आणि मॅकवर ड्राइव्हचं नाव जुन्यासारखंच ठेवा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

विंडोजवरून मॅकवर जातोय, किंवा उलट. प्रोजेक्ट उघडेल का?

सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालणारं असेल तर उघडेल: क्यूबेस, लाइव्ह, रीपर, प्रो टूल्स, स्टुडिओ वन, बिटविग, एफएल स्टुडिओ हे सगळे दोन्हीकडे आहेत. लॉजिक आणि गॅरेजबँड फक्त ॲपलच्या उपकरणांवर. तिथून बाहेर पडायचं तर ट्रॅक ऑडिओ म्हणून काढावे लागतात.

एयू हा प्लगिनचा प्रकार फक्त ॲपलकडे असतो. मॅकवरच्या प्रोजेक्टमध्ये सगळीकडे एयू वापरले असतील तर विंडोजवर एकही सापडणार नाही, जरी तोच प्लगिन व्हीएसटी3 रूपात तिथे बसवलेला असला तरी. दोन्ही बाजूंना ये-जा करायची असेल तर पहिल्यापासून व्हीएसटी3 वापरा.

फाइलींच्या नावांकडेही पाहा. विंडोज नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखं दिसणारं कोलन, तारांकन, अवतरणचिन्ह चालवून घेत नाही; मॅकवर यांतली बरीच चिन्हं चालतात. मॅकवर 'मुखडा टेक 3?' नावाची फाइल असेल तर ती विंडोजवर जाताना अडते. विंडोजवर 260 अक्षरांपेक्षा लांब मार्गही काही सॉफ्टवेअरना झेपत नाहीत, म्हणून फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नका.

फाइलींची नावं देवनागरीत ठेवली तर अडचण येते का?

आजच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरना सहसा येत नाही. अडखळतात ते काही जुने प्लगिन आणि झिप करणारी जुनी साधनं. संगणकावरच्या वापरकर्त्याचं नावच देवनागरीत असेल तर प्रत्येक मार्गात ते येतं, आणि एखादा हट्टी प्लगिन सॅम्पल उघडायला नकार देतो. गाण्यांची नावं खुशाल आपल्या लिपीत ठेवा. वापरकर्त्याचं नाव आणि सॅम्पलचं फोल्डर मात्र साध्या रोमन अक्षरांत ठेवलेलं सुरक्षित.

नव्या मॅकमध्ये ॲपलची चिप आहे. जुने प्लगिन चालतील?

प्लगिनची नवी आवृत्ती असेल तर थेट चालेल. फक्त इंटेलसाठी बनलेला असेल तर रोझेटा 2 च्या (इंटेलसाठीचं सॉफ्टवेअर ॲपलच्या चिपवर चालवणाऱ्या मॅकमधल्या सोयीच्या) मदतीने चालू शकतो. त्यासाठी अनेक सॉफ्टवेअरमध्ये अख्खं सॉफ्टवेअरच रोझेटाखाली सुरू करावं लागतं. पण ही कायमची सोय नाही. मॅकओएस 27 नंतर रोझेटा पूर्ण स्वरूपात राहणार नाही, असं ॲपलने 2025 मध्ये जाहीर केलं आहे. ज्यांच्या नव्या आवृत्त्या आल्याच नाहीत, त्या प्लगिनचे ट्रॅक आत्ताच ऑडिओमध्ये उतरवा.

ड्राइव्ह कुठल्या फॉर्मॅटची हवी, आणि जागा किती लागेल?

दोन्ही बाजूंना विंडोज असेल तर एनटीएफएस, दोन्ही बाजूंना मॅक असेल तर एपीएफएस. मिश्र असेल तर एक्सफॅट. मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. जुन्या पेनड्राइव्हवर एफएटी32 असतं, त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि सॅम्पल लायब्ररीतल्या फाइली त्याहून मोठ्या असू शकतात. एक्सफॅट ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपटू नका. अर्धवट लिहिलेलं सावरून घेण्याची व्यवस्था त्यात नसते.

जागेचा हिशेब सोपा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण 8.6 एमबी घेतो. 20 ट्रॅक आणि 4 मिनिटांचं गाणं म्हणजे सुमारे 690 एमबी, तेही प्रत्येकाचा एकच टेक धरून. पाच-सहा टेक असतील तर त्या पटीत वाढवा.

क्लाउडवरून नेलं तर?

पोहोचवण्यासाठी चालेल, त्यात बसून काम करण्यासाठी नको. प्रोजेक्ट बंद करा, फोल्डर झिप करा, चढवा, दुसरीकडे पूर्ण उतरल्यावर उघडा. झिप करण्याचं कारण असं की लॉजिक आणि गॅरेजबँडचे प्रोजेक्ट दिसायला एक फाइल, पण आतून अख्खं फोल्डर असू शकतात, आणि काही सेवांमधून जाताना ते विस्कटतं.

रेकॉर्डिंग सुरू असताना सिंक चालू ठेवणं मला अजिबात मान्य नाही. सॉफ्टवेअर फाइल लिहीत असताना सिंक तीच फाइल वाचायला जातो. विंडोजवर डॉक्युमेंट्स फोल्डर तुमच्या नकळत वनड्राइव्हमध्ये गेलेलं असू शकतं, आणि अनेक प्लगिन आपले प्रीसेट तिथेच ठेवतात. नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी ते तपासा.

सगळं उघडलं, पण गाणं खालच्या सुरात आणि संथ वाजतंय.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) जुळत नाही. 48 किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलेलं गाणं 44.1 वर वाजलं तर सूर जवळपास दीड सेमीटोन उतरतो आणि 4 मिनिटांचं गाणं 4 मिनिटं 21 सेकंदांचं होतं. प्रोजेक्टचा आणि ऑडिओ इंटरफेसचा (माइक, वाद्यं संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) रेट एकच करा. या अवस्थेत नवा आवाज रेकॉर्ड करू नका. गायक चुकीच्या सुरात गाईल आणि रेट सुधारल्यावर तो टेक उरलेल्या गाण्याशी जुळणार नाही.

ऑडिओ इंटरफेस लावला, पण रेकॉर्डिंगच होत नाही.

विंडोजवर निर्मात्याचा एएसआयओ (कमी विलंबाचा ऑडिओ) ड्रायव्हर आधी बसवा, मग इंटरफेस जोडा. मॅकवर बऱ्याच इंटरफेसना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, पण मायक्रोफोन वापरण्याची परवानगी सिस्टम सेटिंगमध्ये सॉफ्टवेअरला द्यावी लागते. ती नसेल तर ट्रॅकवर नुसती सपाट रेघ उमटते. इंटरफेस वेगळा असेल तर प्रोजेक्टमधली इनपुटची नावंही बदलतात. ती पुन्हा जोडून द्या, जुना स्क्रीनशॉट समोर ठेवून.

संगणक जास्त ताकदीचा आहे, तरी कडकड आवाज येतो.

आधी बफर (संगणक एका वेळी किती सॅम्पल हाताळतो तो आकडा) पाहा. नव्या संगणकावर तो आपसूक फार कमी ठेवलेला असू शकतो. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल म्हणजे 2.7 मिलिसेकंद, 512 म्हणजे 10.7. गाताना कमी, मिक्स करताना जास्त. त्याने भागलं नाही तर लॅपटॉप चार्जरला लावून पॉवर मोड उच्च कामगिरीवर न्या. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं साधन कुठला ड्रायव्हर आडवा येतो ते दाखवतं. अनेकदा तो वायफायचा निघतो.

माझे शॉर्टकट आणि टेम्प्लेट कसे नेऊ?

रीपरमध्ये प्रेफरन्सेसमधून सगळी मांडणी एका फाइलमध्ये निर्यात होते. क्यूबेसमध्ये प्रोफाइल मॅनेजर आहे. लाइव्हचं बरंचसं यूजर लायब्ररीत असतं. लॉजिकचे प्रीसेट आणि टेम्प्लेट म्युझिक फोल्डरातल्या 'ऑडिओ म्युझिक ॲप्स'मध्ये सापडतात. बोटांना सवय झालेले शॉर्टकट नसले तर कामाची लय तुटते, म्हणून हे पहिल्याच दिवशी करा.

नव्या संगणकावर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकू का?

आधी जुनीच टाका. सगळे प्रोजेक्ट तिच्यात उघडून तपासा, मग वर चढा. एकाच वेळी संगणक आणि आवृत्ती दोन्ही बदलले तर बिघाड कशामुळे झाला ते कळत नाही. शिवाय नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनीत सहसा उघडत नाही, म्हणजे परतीचा रस्ता बंद.

दोन्ही संगणक वापरायचे आहेत, एकावर रेकॉर्डिंग आणि दुसऱ्यावर मिक्स. कसं सांभाळू?

प्रोजेक्ट एकाच बाहेरच्या एसएसडीवर ठेवा आणि ती ड्राइव्ह इकडून तिकडे न्या. दोन्हीकडे सॉफ्टवेअरची आणि प्लगिनची आवृत्ती तंतोतंत सारखी ठेवा, एकीकडचं अपडेट त्याच दिवशी दुसरीकडेही करा. जागा बदलताना प्रोजेक्ट नव्या क्रमांकाने सेव्ह करा. कुठली प्रत ताजी, हा प्रश्न मग उद्भवत नाही. आणि त्या एसएसडीची प्रत तिसऱ्या ठिकाणी हवीच, कारण फिरती ड्राइव्ह पडते, हरवते.

दुसऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरच वेगळं आहे.

बिटविग आणि प्रीसोनसने 2023 मध्ये डॉप्रोजेक्ट नावाचं खुलं स्वरूप आणलं. बिटविग, स्टुडिओ वन आणि 14 व्या आवृत्तीपासून क्यूबेस ते ओळखतात. त्यात मिडी, ऑटोमेशन आणि प्लगिनची स्थितीही जाते. बाकीच्यांसाठी जुना, खात्रीचा मार्ग: प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी वेव्ह फाइल म्हणून काढा, इफेक्टसह आणि इफेक्टविना अशा दोन्ही. सोबत मिडी फाइल, आणि टेम्पो, ताल, सॅम्पल रेट लिहिलेली एक साधी मजकूर फाइल.

जुना संगणक अचानक बंद पडला. आता?

डिस्क शाबूत असेल तर ती काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि नव्या संगणकाला जोडा. मॅकच्या अनेक नव्या मॉडेलमध्ये साठवण मुख्य बोर्डावरच असते, ती अशी निघत नाही; तिथे टाइम मशीनची प्रत हाच आधार. डिस्क वाचता आली तर फक्त प्रोजेक्टचं फोल्डर उचलू नका. वापरकर्त्याचं संपूर्ण फोल्डर घ्या, कारण गोळा न केलेल्या फाइली डेस्कटॉप, डाउनलोड, कुठेही असू शकतात. नाव लक्षात असेल तर डिस्कभर शोधता येतं, आणि बहुतेक सॉफ्टवेअर हरवलेली फाइल नावावरून शोधून जोडतात. अडकलेल्या लायसन्ससाठी कंपन्यांना लिहा. संगणक मेला असं कळवलं आणि खरेदीची पावती जोडली की बऱ्याच कंपन्या ते मोकळं करून देतात.

जुना संगणक कधी पुसायचा?

सगळे चालू प्रोजेक्ट नव्यावर जुनी ड्राइव्ह न जोडता उघडले, संदर्भाच्या वेव्ह फाइलींशी जुळले, लायसन्स जुन्यावरून काढून झाली आणि एक पूर्ण गाणं रेकॉर्डिंगपासून अंतिम मिक्सपर्यंत नव्या संगणकावर पार पडलं की मग. पुसण्याआधी जुन्या डिस्कची अख्खी प्रत एका स्वस्त हार्ड डिस्कवर घेऊन तिच्यावर तारीख लिहा.